उलटा फिरवलेला शॉट

८ जानेवारी

अजूचं गाणं मीच एडिट करायचं ठरलं. त्याने पुण्यातला कुणी एडिटर बघून ठेवला होता, पण काल जेवताना म्हणाला, "तायडे, माझं तोंड कुठनं चांगलं दिसतंय हे तुझ्याएवढं कुणाला ठाऊक हाय?" मला मनातून फार बरं वाटलं. तसं दाखवलं नाही.

नऊ वर्षं मी आप्पांच्या व्हिडिओच्या दुकानात बसून लग्नं कापतेय. हळद, अक्षता, पंगत, पाठवणी. गाणं कापायची ही पहिलीच वेळ. आई गेली तेव्हा अजिंक्य आठवीत होता. त्याचे डबे, त्याचे ताप, त्याच्या परीक्षा, सगळं माझ्या हातून झालं. आता तो सव्वीसचा आहे. स्वतः लिहितो, स्वतः गातो, कॅमेऱ्यासमोर शोभतो. हे गाणं चाललं पाहिजे. आजवर त्याचं कशातच काही झालेलं नाही, आणि मला आता त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

१३ जानेवारी

शूटिंग आटोपून मंडळी परत आली. उजनी धरणाच्या काठी, एका ओळखीच्या केळीच्या बागेत तीन दिवस. कॅमेऱ्यावर सरफराजभाई होते, ते आप्पांच्याच हाताखाली शिकलेले. नायिका राजेश्वरी. अक्कलकोट रोडला मुलींना नाच शिकवते. घरात कन्नड, पण मराठी अगदी स्वच्छ. पहिल्या दिवशी तिची मैत्रीण सोबत होती, दुसऱ्या दिवसापासून अजूने तिला येऊ नको म्हणून सांगितलं. गाडीत जागा नव्हती म्हणे.

सरफराजभाई कार्ड टेबलावर ठेवून लगेच निघाले. चहासुद्धा घेतला नाही. दमले असतील.

१६ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी आहे, दुकानात कुणी फिरकत नाही. बरं झालं. सगळे शॉट गाण्याशी जुळवून घेतले.

लग्नात जे घडतं ते घडलेल्या क्रमाने ठेवायचं असतं. गाण्यात तसं नाही. तिकडे स्पीकरवर गाणं लावतात, ही दोघं त्यावर ओठ हलवतात, आणि एकच कडवं आठ ठिकाणी आठ वेळा घेतलेलं असतं. कॅमेऱ्यातला आवाज फक्त जुळवणीपुरता लागतो. स्क्रीनवर गाण्याच्या आवाजाची लाट आणि कॅमेऱ्यातल्या आवाजाची लाट एकाखाली एक बसली की तो आवाज बंद करून टाकायचा. मी तो ऐकतही नाही. एका नजरेत बसते लाट.

१९ जानेवारी

राजेश्वरीने मला रडकुंडीला आणलंय. एकटी असली की पोरगी सुरेख नाचते, हलगीच्या प्रत्येक ठोक्यावर पाऊल. अजू चौकटीत आला की लाकूड. पहिल्या दिवशी बरी आहे, दुसऱ्या दिवशी खांदे आवळलेले, तिसऱ्या दिवशी तर चेहऱ्यावर काहीच नाही. अजूने कमरेला हात लावला की अर्ध्या सेकंदात मान फिरवते. नाच येणं वेगळं आणि अभिनय येणं वेगळं, दुसरं काय.

उपाय आहे. तिची मान फिरायच्या आधी आठ फ्रेम कापायचं आणि पुढच्या ठोक्यावर केळीची पानं टाकायची. ठोका एवढा जोरात पडतो की बघणाऱ्याला वाटतं त्याने सगळं पाहिलं.

पण हसू कुठून आणायचं?

२१ जानेवारी

हसू सापडलं. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एक शेळी तिची ओढणी खायला लागली होती, तेव्हा ती खळखळून हसलीय. सरफराजभाईंनी ते सहज टिपलंय. अजूने वळून बघितल्याचा शॉट घेतला, त्याच्या पुढे हे हसू जोडलं, शेळी चौकटीबाहेर राहील एवढं चित्र मोठं केलं. आता ती अजूकडे बघून हसते. मीच बनवलंय हे ठाऊक असून मलाही तसंच वाटतं.

अजूने दहा वेळा बघितलं. म्हणाला, "बघ, लाजती का न्हाय ती?"

२४ जानेवारी

सरफराजभाईंचा फोन. "उत्कर्षा, वो तिसऱ्या दिवसाचा पंपाजवळचा शॉट हाय ना, तो घेऊ नको. फोकस गेलाय."

मी पुन्हा उघडून बघितला. फोकस अगदी कडक आहे. तसं म्हटलं तर म्हणाले, "गेलाय म्हण की. घेऊ नको." वय झालं की माणूस स्वतःच्या कामाला उगाच नावं ठेवतो. तिसऱ्या दिवशी तेवढा एकच शॉट आहे ज्यात दोघं जवळ आहेत. तो सोडून कसं चालेल?

२६ जानेवारी

आज माझ्या हातून खरोखर चांगलं काम झालं, ते लिहून ठेवते.

पंपाजवळच्या शॉटमध्ये अजूचा हात तिच्या कमरेवर आहे. ती त्याचं मनगट धरते, हात काढते, लांब करते आणि तोंड फिरवते. सरळ ठेवला तर गाणं तिथेच मरतं. मी तो उलटा फिरवला. आता ती तोंड वळवून त्याच्याकडे बघते, त्याचं मनगट धरते, आणि हात ओढून स्वतःच्या कमरेवर ठेवते. गती निम्म्यावर आणली, मागचं सगळं धुकट केलं, बरोबर ध्रुवपदाच्या पहिल्या शब्दावर बसवला. अंगावर काटा आला.

आप्पांना दाखवलं. "झकास," म्हणाले. अजूने मला उचलून गरकन फिरवलं. लहानपणी मी त्याला फिरवायची.

१४ फेब्रुवारी

गाणं इंटरनेटवर आलं. संध्याकाळपर्यंत एकवीस हजार लोकांनी पाहिलं.

२१ फेब्रुवारी

चार लाख. लोकांनी तो दोन सेकंदांचा तुकडाच उचललाय. पोरं-पोरी त्यावर आपापले व्हिडिओ करतायत, मुलगी मुलाचा हात ओढून कमरेवर ठेवते. नव्या पेठेत एका दुकानाबाहेर तेच वाजत होतं. मी उभी राहून ऐकलं. कुणालाच ठाऊक नाही की ते मी केलंय, आणि मला ते फार आवडलं.

१ मार्च

दुपारी राजेश्वरी दुकानात आली. चेहरा ओळखायला मला क्षणभर लागला, इतका तो सुकलाय. महिनाभर मी तिचा चेहरा फ्रेम-फ्रेम बघत होते.

बसली नाही. म्हणाली, "ताई, तो पंपाजवळचा शॉट मुळात होता तसा द्या. मला आमच्या वडलांना दाखवायचाय."

"कशाला?"

"मी तसं केलं नव्हतं. मी हात काढला होता. तुम्हाला माहितीय."

शूटिंगच्या तिसऱ्या दिवशी अजूने तिला पंपाच्या खोलीत ओढलं, असं ती म्हणाली. हे तिने घरी फार उशिरा सांगितलं, गाणं आल्यावर. वडलांनी तिच्यासमोर मोबाइल धरला आणि म्हणाले, हसतीयेस की तू, हात तूच धरतीयेस. क्लास बंद झालाय. पुढच्या महिन्यात गावी काकांकडे पाठवणार आहेत, तिकडेच कुणाशीतरी लग्न लावून टाकायचं. आज देवळाला जाते सांगून आली होती.

मी म्हटलं, "मूळचे शॉट आम्ही ठेवत नाही. पुसून टाकतो."

हार्ड डिस्क माझ्या कोपराशी होती. तिच्यावर माझ्याच अक्षरात अजूचं नाव लिहिलेलं होतं. राजेश्वरीने ते वाचलं असेल का, मला कळलं नाही. "बरं," म्हणाली आणि गेली.

२ मार्च

कलाकार मुलींची भांडणं होतात, मग काहीही बोलतात. अजू तसा नाही. त्याला मी वाढवलंय.

हे वाक्य मी सकाळपासून मनात घोळवतेय. आता लिहिलं तरी हलकं वाटत नाही.

४ मार्च

आज तो आवाज ऐकला.

शटर अर्धं ओढून घेतलं आणि तिसऱ्या दिवसाचे सगळे शॉट कॅमेऱ्यातल्या आवाजासकट लावले. आधी नुसतं गाणं, स्पीकरचा खरखराट. कडवं संपतं, स्पीकर बंद होतो, पण कॅमेरा आणखी थोडा चालू राहतो. ती जागा मी रोज कापून फेकत होते.

पहिल्या जागेत ती म्हणते, "असं नको ना." दुसरीत म्हणते, "मी सांगितलंय तुम्हाला." पंपाच्या शॉटनंतर ती म्हणते, "मला घरी जायचंय," आणि अजू हसतो. ते हसू मी ओळखते. लहानपणी काही मोडलं की तो असाच हसायचा. मग त्याचा आवाज येतो, "सरफराजभाई, जेवून या तुमी सगळे. आमी दोघं जरा पुढचं बघतो." आणि कॅमेरा बंद.

मी तो शॉट पुन्हा पहिल्यापासून लावला.

आठ फ्रेम आधी कापायचं मला कसं सुचलं? तिची मान कधी फिरते हे मला नेमकं ठाऊक होतं. म्हणजे मी बघितलेलं होतं.

५ मार्च

अजूला विचारलं. सकाळी, स्वयंपाकघरात. आधी म्हणाला, "गंमत होती." मग म्हणाला, "तीच पुढं पुढं करत होती." मग रडायला लागला, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. "तायडे, तू बी असं बोललीस तर मी कुटं जाऊ?"

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हे लिहायला नको वाटतंय, पण फिरवला.

६ मार्च

हार्ड डिस्क कोरी आहे. काल मी भाजी आणायला गेले तेवढ्यात त्याने पुसली. जागेवर नीट ठेवून गेलाय, वायर गुंडाळून.

मी प्रत काढून ठेवायला हवी होती, हे सुचलं नव्हतं असं नाही. चार तारखेलाच सुचलं होतं. काढली नाही. काढली असती तर त्या प्रतीचं काय करायचं ते मला ठरवावं लागलं असतं.

८ मार्च

आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तू ऐकलंस?"

"ऐकलं."

"आता हाय का ते?"

"नाही."

"मग न्हाय," आप्पा म्हणाले. "पोरी, रगत हाय आपलं. तुझी आई तुझ्या वटीत टाकून गेली त्याला."

११ मार्च

एका लग्नाचं काम आहे, नवरीकडे बघून हात चालत नाही. कुणीही मुलगी हसली की वाटतं, हे हसू कुठून आणलं असेल.

सरफराजभाईंना फोन केला. "तुम्ही मला सरळ का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "मी काय बघितलं? कॅमेरा बंद केला और जेवायला गेलो. गेलो ना मी. सांगणार काय?" मग म्हणाले, "जेवण काय गेलं नाही खाली. पण उठून परत भी गेलो नाही."

गाणं सात लाखांवर गेलंय.

१४ मार्च

आज राजेश्वरीच्या घरी गेले. काय करणार ते ठरवलेलं नव्हतं. लॅपटॉप घेतला, त्यात फक्त तयार गाणं होतं. तेवढंच उरलंय माझ्याकडे.

तिच्या आईने, दानम्मांनी, दार उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर दार लावायला लागल्या. आतून तिचे वडील गुरुसिद्धप्पा म्हणाले, "येऊ दे. तिच्या भावाचं काय म्हणणं आहे ऐकू."

साधा माणूस. डाळीच्या मिलमध्ये कामाला आहेत, मूळची शेती अक्कलकोटकडची. मला पाट दिला, स्वतः दाराला टेकून उभे राहिले. राजेश्वरी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर होती. माझ्याकडे बघत नव्हती.

मी म्हटलं, "काका, त्या गाण्यात तुमची मुलगी हसली ते एका शेळीला बघून. ते मी जोडलं. आणि तो हात तिने धरून ठेवला नाही. तिने काढून टाकला होता. मी तो शॉट उलटा फिरवलाय."

"उलटा म्हणजे?"

मला समजावता येईना. शेवटी लॅपटॉप उघडून तो तुकडा लावला. त्यांनी मान वळवली. "बघितलंय मी. चौकातल्या पोरांनी दाखवलंय."

"एकदा परत बघा. मी सरळ करून दाखवते."

बळेबळे बघायला लागले. मी अजून काही केलंच नव्हतं, गाण्यात आहे तसंच चाललं होतं. ते एकदम वाकले आणि कोपऱ्यात बोट ठेवलं. मी मागचं धुकट केलं होतं, तिथे एक पांढरी रेघ हलत होती.

"हे पाणी आहे का?"

"असेल."

"पंपाचं पाणी आहे की हे. पाटातनं पायपात कसं चाललंय?"

मी दोन सेकंदांचा तो तुकडा सरळ केला. पाणी पायपातून पाटात पडायला लागलं. आणि त्याच्या पुढे उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीने एका माणसाचं मनगट धरलं, कमरेवरचा हात काढला, लांब केला, तोंड फिरवलं.

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. पुन्हा. चौथ्या वेळी दानम्मा तोंडाला पदर लावून खाली बसल्या.

"ह्याच्या पुढचंही मी ऐकलंय," मी म्हटलं. "ती घरी जायचं म्हणत होती. ते पुसलं गेलं. पण मी ऐकलंय, आणि मी त्याची सख्खी बहीण आहे. जिथे सांगायचं तिथे सांगते."

गुरुसिद्धप्पा मुलीकडे वळले. कन्नडमध्ये काहीतरी हळू बोलले. मला कळलं नाही. ती आत गेली. ते तिच्या मागे गेले नाहीत. तिथेच उभे राहून मला म्हणाले, "मी तिला मारलं, बाई. त्या पाण्याकडं माझं लक्षच गेलं नाही."

निघताना जिन्यात राजेश्वरीने मला गाठलं. "त्या दिवशी डिस्क तिथेच होती ना?"

"होती."

तिने मान हलवली. "उद्या चौकीत जाणार आहे. तुम्ही या." एवढं बोलून ती वर गेली. तिने मला माफ करावं असं मी काही केलेलं नव्हतं.

१५ मार्च

जबाब दिला. समोरच्या मॅडमनी विचारलं, "आरोपीशी नातं?" मी सांगितलं. त्यांनी मान वर करून बघितलं आणि मग लिहिलं.

मला वाटलं होतं तीन वाक्यांत संपेल. अडीच तास लागले. हसू कुठून घेतलं, कुठल्या फ्रेमवर कापलं, का कापलं. का, हे त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "भाऊ चांगला दिसावा म्हणून." तेच लिहून घेतलं. सरफराजभाईही आले होते, मी बोलावलेलं नव्हतं. बाहेर बाकावर टोपी हातात घेऊन बसले होते, आपली पाळी येईपर्यंत.

१८ मार्च

अजू घरी नाही. पुण्यात मित्राकडे होता, काल वकिलाबरोबर चौकीत हजर झाला. मला एकच निरोप पाठवलाय, "माझ्यासाठी तू मेलीस." मी तो पुसला नाही.

गाणं मीच इंटरनेटवर टाकलं होतं, ते मी काढून टाकलं. पण तो तुकडा आहे तिथे आहेच, कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये. आज रिक्षात वाजला. मी उतरून चालत आले.

राजेश्वरीला गावी पाठवायचं थांबलंय. क्लास पुन्हा सुरू झालाय, पण दोन मुलींच्या आयांनी नावं काढून घेतली.

आप्पा माझ्या हातचं जेवत नाहीत. कोपऱ्यावरून डबा आणतात आणि दुकानात खातात, माझ्याकडे पाठ करून.

२७ मार्च

उन्हाने दुकानाचं पत्र्याचं छत तापलंय. दुपारी आप्पा आले, माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. आठ तारखेनंतर पहिल्यांदाच, एकोणीस दिवसांनी.

"त्या पोरीचा शॉट मला बी दाव. सरळ केल्याला."

दाखवला. दोन सेकंदच आहेत. ते संपल्यावरही स्क्रीनकडे बघत राहिले.

"मी बी लई कापलंय," म्हणाले.

"काय?"

"पोरींचं रडणं. पाठवणीचं न्हवं, ते ठेवायचं आसतंय. आदीचं. हळद लावताना, हिरवा चुडा भरताना. काय काय पोरी लई येगळं रडायच्या. मग बाप यायचा, तेवढं काढा म्हणायचा. मी काढायचो."

मी त्यांच्याकडे वळले.

"येक वेळापूरची होती. खोलीत येकटी बसल्याली. मी कॅमेरा घिऊन आत गेलो तर सरळ भिंगात बघून म्हणाली, मामा, ह्ये तेवढं ठेवा. कुणीतरी बघंल."

आप्पांचे हात गुडघ्यांवर होते. मी विचारलं, "ठेवलं?"

"न्हाय."